पाटावर मांडलेल्या ऑस्ट्रियाच्या नोटा

यजमान गेल्यावर त्यांच्या पेटीत ऑस्ट्रिया देशातल्या खेड्यांच्या नोटा निघाल्या. पत्त्याच्या पानापेक्षा लहान. मोताळ्याच्या बाजारात जुनी नाणी घेऊन बसणाऱ्या भाऊंनी मला सांगितलं, शंभर वर्षांआधी मोठ्या लढाईनंतर तिकडे चिल्लर मिळेना, म्हणून गावागावांनी आपापल्या नोटा छापल्या. थोडे दिवस चालल्या, मग बंद झाल्या.

त्यावरची अक्षरं मला लागत नाहीत. मी चित्रावरून ओळखते. एकीवर पूल, एकीवर शेळी, एकीवर द्राक्षाचा वेल.

विकत घेणं परवडत नाही. म्हणून दर बाजारी पेटीतली एखादी जोडाची, म्हणजे सारख्या दोन असलेल्यांतली, नोट न्यायची आणि भाऊंकडून माझ्याकडे नसलेली बदलून आणायची. ते गावाचं नाव वाचून दाखवत, तिथलं काहीबाही सांगत. मी नुसती "हाव, भाऊ" म्हणायची. मुलगा पुण्याला असतो. आठवडाभरात माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

या दिवाळीला मुलाला सुटी मिळाली नाही. लक्ष्मीपूजनाला घरातला पैसा पाटावर मांडतात, तशा मी सगळ्या नोटा मांडल्या. ओल्या बोटानं एकेकीला हळदकुंकू लावलं. पाट भरलेला पाहून बरं वाटलं.

पुढच्या बाजारी शेळीची नोट भाऊंपुढे धरली. त्यांनी ती उजेडात पाहिली.

"मावशी, याले कुकू काऊन लावलं?"

"लक्ष्मीपूजन होतं ना, भाऊ."

"अवो, तिकडच्या लोकायनं इतके सालं जपली, अन् तुमी एका दिवसात तिचं लगन लावून देलं." शेजारचा कांदेवाला हसला, भाऊही हसले. "डाग पडला की कोनी घेत नाही. बाकीच्या बऱ्या हायेत ना?"

"सगळ्यायलेच लावलं."

ते हसायचे थांबले. नोट माझ्या हातात परत देत म्हणाले, "मंग आता बदलाले काही राह्यलं नाही, मावशी."

नोटा घरातच राहिल्या, त्याचं मला वाईट वाटलं नाही.

त्यानंतरच्या बाजारी मी रिकाम्या हातानं त्यांच्या दुकानाशी उभी राहिले.

"काय आनलं?"

"काही नाही. सहज."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, तशी मी बाजूला झाले. मग समोरच्या बाईकडून कोथिंबिरीची जुडी घेतली. कोथिंबीर माझ्या परसात भरपूर आहे.