सतरंजीखालचा घाट

मी म्हसावदची. माहेरी पाणी म्हणजे विहीर नाहीतर ट्यूबवेल. लग्न होऊन इथं तापीच्या काठी आले, पहिल्या सकाळी दार उघडलं आणि समोर एवढं पाणी, मी उंबऱ्यातच थांबले. आमचं घर गावातलं शेवटचं, घाटाला लागून. उंबरा उतरला की ओटा, ओटा उतरला की घाटाच्या पायऱ्या, आणि पायऱ्या उतरल्या की नदी. मधे काहीच नाही, ना भिंत, ना कठडा.

सासू म्हणते पहिले नदी अशी नव्हती. उन्हाळ्यात लोक पायी पलीकडं जायचे, वाळूत डांगरांचे वेल लावायचे. आता खाली बॅरेज झालं, त्याचे दरवाजे बंद केले की पाणी गुपचूप वर चढतं. आवाज नाही, काही नाही. सकाळी जी पायरी कोरडी असते ती दुपारी दिसत नाही.

पोरगी चालायला लागली आणि माझी भीती सुरू झाली. आणि मग ती गेलीच. म्हणजे तसं नाही, वाचली. मी कपडे धूत होते, ती मागं खेळत होती, मी गोधडी पिळायला उभी राहिले आणि मागं कुणीच नाही. घाटाच्या मधल्या पायऱ्यांचे दगड वाहून गेलेत, तिथं खड्डा आहे, वर पाणी आलं की कळतपण नाही. मासे विकणारी एक भिल्लाची बाई वरून ओरडली, "वं माय, पोर गयी ना!" आणि तीच धावली. तिनं फ्रॉक धरून उचललं. मी गोधडी धरून तशीच उभी. पोरगी खोकली, रडली, अर्ध्या तासानं बिस्कीट मागायला लागली. मी मात्र तेव्हापासून अशी आहे. भांडं पडलं तरी मला धप्पकन पाण्यात काही पडल्यासारखं वाटतं.

मी पंचायतीत सदस्य आहे. कुणी हसू नका. आमच्या वॉर्डाची जागा बाईची निघाली, घरात आठवीपर्यंत शिकलेली मीच, सरपंच आबांनी सांगितलं आणि माझा फॉर्म भरला गेला. आबा नात्यानं माझे चुलत सासरे. त्यांच्यासमोर आमच्यात सून बोलत नाही. मीटिंगमधे मी डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात बसायची, सही करायची आणि पळत घरी, कारण पोरगी घरी.

अशाच एका मीटिंगमधे ग्रामसेवक भाऊ म्हणाले, सरकार नदीकाठची लहान गावं परत उभी करायला पैसा देतंय. समुद्राकाठच्या गावांना असा मिळाला, तिकडं धक्के झाले, मासळीचे बाजार झाले, आता नदीवाल्यांचा नंबर. आमचं गाव तर पडलेलंच आहे. पूर्वी घाटावर बाजार भरायचा, नावा लागायच्या, पलीकडची माणसं मिरच्या, भाजी घेऊन यायची. मोठा पूल झाला, एसटी वरूनच निघून जाते, बाजार गेला. निम्म्या घरांना कुलूप, पोरं सुरतला. भाऊंनी वाचून दाखवलं काय काय मागायचं ते. बाजाराला शेड, दिवे, बायांना संडास, घाटाच्या नव्या पायऱ्या, आणि पायऱ्यांना लोखंडी कठडा.

कठडा म्हटल्यावर मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

मग कळलं की गाव बघायला टीम येणार. ते बघून ठरवणार कुणाला द्यायचं. आबांनी सगळ्यांना बोलावलं, म्हणाले, "पाव्हणा ई ऱ्हायनात. आपला घाट असा पडेल दिसना ते गावनी काय इज्जत ऱ्हाई?"

आणि आम्ही लागलो कामाला. आमच्याकडं तसंच आहे. पाव्हणा येणार म्हटलं की फाटकी गोधडी आत जाते आणि शेजाऱ्याची चादर खाटेवर येते. बायांनी घाट धुतला, मी पण धुतला. खड्ड्यात वाळूच्या गोण्या टाकल्या, त्यावर लग्नाच्या मांडवातली लाल सतरंजी. बाजाराचे मोडके ओटे मांडवाच्या कापडानं झाकले. रांगोळी काढली. सासू मला सांगत होती, "वहू, सतरंजी नीट वढ, फाटेल भाग दिसाले नको." मी नीट ओढली. तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही की आपण काय करतोय. भाऊ एकदा हळूच म्हणाले, आबा, थोडं उघडं ठेवलं असतं... आबा म्हणाले, "तुम्ही बदलीवर जाशात भो, आमले आठेच ऱ्हानं शे."

टीम आली. दोन साहेब आणि एक मॅडम, माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. ओवाळलं, टोप्या घातल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, भरीत, ठेचा. साहेब घाटावर उभे राहिले, हवा छान सुटली होती, म्हणाले, "वा! सुंदर ठेवलंय गाव. आम्ही तर पार मोडकळीला आलेली गावं बघून येतोय. तुमचं खूपच बरं आहे." आबांची छाती फुगली. सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण साहेबांनी वही बंद केली आणि गाडीकडं बघितलं.

मी बोलू शकत नव्हते. समोर आबा, मागं सासू.

तेवढ्यात मॅडम बायांकडं आल्या आणि हळूच विचारलं, बाथरूम कुठं आहे. गावात दुसरं कुठं जवळ नाही, म्हणून माझ्याकडं आणलं. मी पुढं चालले आणि दारात गेल्यावर आठवलं. पोरगी. मी तिला खाटेच्या पायाला ओढणीनं बांधून आले होते. कमरेला. घाटावर काम असलं की मी तसंच करते, दुसरं काय करू.

मॅडम आत आल्या आणि थांबल्याच. "हिला बांधलंय का?"

मला वाटलं आता संपलं. पोलीस बोलावतील, पोरगी घेऊन जातील, टीव्हीवर दाखवतात तसं. मी घाईघाईनं गाठ सोडायला लागले, गाठ सुटेना, आणि तोंडातून काय निघालं ते माझं मलाच माहीत नाही, मारत नाही हो मॅडम, एवढीच आहे मला, ती पाण्यात गेली होती, घाट खालून फुटलाय, तुम्ही जिथं उभ्या होत्या ना तिथंच, गोण्या आहेत खाली, सतरंजी मीच टाकली, पाणी चढलं की दिसत नाही, तुम्ही चालल्या जाल आणि मी इथंच राहीन...

मॅडमनी पोरीची गाठ सोडली. तिला कडेवर घेतलं. बाथरूमला गेल्याच नाहीत. म्हणाल्या, "चल, दाखव."

मी म्हटलं, माझ्यानं नाही होणार. त्या म्हणाल्या, "तू नको बोलू. फक्त कुठं ते दाखव."

मी सगळ्यांसमोरून गेले. पदर डोळ्यांपर्यंत, मला फक्त पायऱ्या दिसत होत्या. सतरंजीचं टोक धरलं आणि ओढलं. गोण्या निघाल्या. एका साहेबांनी एक गोणी पायानं लोटली, ती घसरली आणि खाली पाण्यात गेली. मग साहेबांनी वही उघडली, फोटो काढले, बाजाराचं कापडसुद्धा वर करून बघितलं.

गाडी गेली तशी आबा माझ्याकडं न बघता सासूला म्हणाले, "तुन्ही वहूनी गावनं नाक कापी टाकं." घरी सासू भाकरी करायची, माझ्यासमोर सरकवायची, बस. आमचे हे नंदुरबारहून मिरचीची गाडी खाली करून आले, त्यांनाही रस्त्यातच कुणी सांगितलं होतं. म्हणाले, "पैसा नही उना ना, ते गाव तुन्हंच नाव ली." ते खरंच होतं. पैसा नाही आला असता तर माझ्यामुळंच. मला जेवण जाईना.

मग भाऊ सांगत आले की गाव अजून यादीत आहे, पण साहेब परत येणार, नीट मोजमाप करायला. मला वाटलं सुटले. पण आबांचं डोकं आता दुसरीकडंच पळालं. म्हणाले, "मॅडमले पडेल घाट आवडस ना? मंग पडेलच दखाडूत." आणि दोन गड्यांना घेऊन, लोखंडी सब्बल घेऊन घाटावर आले. वरच्या ज्या पायऱ्या धड होत्या, आमच्या ओट्यासमोरच्या, त्याच उखडायच्या. म्हणजे जास्त पडका दिसेल, जास्त पैसा येईल.

सब्बल दगडावर पडल्याचा आवाज आला आणि मी पोरीला उचलून बाहेर पळाले. पळाले आणि त्या पायरीवर बसले. का बसले, कसं बसले, मला नाही सांगता येणार.

आबा म्हणाले, "ऊठ वं पोरी. लोके दखी ऱ्हायनात."

मी म्हटलं, "मी नही उठनार आबा."

त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. माझाच आवाज मला कुणा दुसरीचा वाटला. पोरगी रडायला लागली. गडी एकमेकांकडं बघत होते. आबा म्हणाले, "आते सरपंच तू शे का?" एक म्हातारा वरून म्हणाला, "आबा, तिले बठू द्या, दगड ते जुनाच शे, तिन्हामुळे थोडाच नवा व्हई." लोक हसले. आबांना हसणं सहन होत नाही. मला वाटलं आता हात धरून ओढतील.

तेव्हा सासू आली. माझ्या शेजारी टेकली, गुडघे दुखतात तिचे, हळूहळू टेकली. पोरीला माझ्याकडून घेतलं आणि आबांना म्हणाली, "जेठजी, आठून पानी आम्हना घरमा येस. तुम्हना घरमा नही येस. सब्बल तुम्हना दारमा मारा."

आबा गड्यांना म्हणाले, चला, आणि गेले. आम्ही दोघी तशाच बसलो. सासू म्हणाली, "रडू नको, लोके अजून गया नहीत."

साहेब आले, घाट होता तसा बघितला, टेप लावून मोजला. आता भाऊ म्हणतात गावाचं नाव लागलं, मंजूर झालं, पहिलं काम घाटाचं, पाणी उतरल्यावर. पेढे वाटले. आबांनी पेढा माझ्या हातात नाही दिला, सासूच्या हातात दिला, म्हणाले, "तुन्ही वहूले दे."

मी पेढा पोरीला दिला. मंजूर झालंय, सगळे म्हणतात मंजूर झालंय. पण कठड्यासारखं मंजुरीला धरून पोरगी उभी राहत नाही ना. आज खाली बॅरेजचे दरवाजे बंद झालेत. दुपारपासून पाणी चढतंय, मी उठून उठून बघतेय, कालची पायरी गेली, आता तिच्या वरची ओली दिसतेय. सासू म्हणते बस ना जराशी. मी बसते, आणि परत उठते.