काशिनाथदादा आणि गारगोटी

चिमूटभर पावडर दाताखाली धरायची, डोळे मिटून दोनदा चावायची आणि थुंकून सांगायचं, "दोनशेच्या चाळणीची हाय. भरा गोणी." ही काशिनाथदादांची परीक्षा. मी पदवीधर केमिस्ट. चाळण्या हलवून, वजन करून अर्ध्या तासाने तेच कागदावर लिहायचो. साहेब मात्र मी होतो.

खालापूरजवळच्या आमच्या कारखान्यात परराज्यातून ट्रकने दगड यायचे आणि दळून पावडर होऊन बाहेर पडायचे. शंखजिरं, कॅल्साइट आणि सगळ्यात जास्त गारगोटी. दादा लोधिवलीचे, शेतकरी घरातले. अठरा वर्षं गारगोटीच्या गिरणीवर. एकदा दहिवलीला आमच्याकडे चहाला आले. घरभर नजर फिरवून आईला म्हणाले, "आई, तुमच्या तोंडाला लावायच्या पावडरमधी शंखजिरं, टूथपेस्टमधी कॅल्साइट. ह्या बेसिनमधी, खिडकीच्या काचंत, भांडी घासायच्या पावडरीत आमची गारगोटी. आमीच दळून दिलेला संसार हाय तुमचा." आई खूप हसली. पुढे कितीतरी दिवस भांडी घासताना ती त्यांची आठवण काढायची.

कारखान्यात मास्क होते, पण कपाटात. "तोंड बांधलं का दम कोंडतो," दादा म्हणत. त्यांचा सगळा भरवसा गुळावर. पाळी सुटली की डबा उघडून प्रत्येकाच्या हातावर एक खडा ठेवायचे. "खा रं, धूळ खाली उतरते." मीही खायचो. धूळ फुप्फुसात जाते, गूळ पोटात, एवढं मला ठाऊक होतं. पण इतक्या मायेने दिलेल्या गुळावर वाद कोण घालणार?

मग खोकला लागला. गोणी उचलताना दादा मध्येच खाली बसू लागले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून विचारलं, "कसली धूळ नाकात जाते? कारखान्याकडून लिहून आणा." लिहायचं मीच होतं. मालक माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "कॅल्साइट लिहा." मी लिहिलं.

दादांनी चिठ्ठी वाचली. "साहेब, गारगोटी ऱ्हायली."

मी मान वर केली नाही. मग दादाच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमची बी नोकरी हाय." चिठ्ठीची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या दिल्या. गारगोटीच्या धुळीने फुप्फुसं कायमची निबर होतात, कॅल्साइटने तशी होत नाहीत; एक्स-रेत मात्र ते टीबीसारखंच दिसू शकतं. गारगोटी हा शब्द वाचला असता, तर पहिल्याच दिवशी त्यांनी दादांना ते काम सोडायला लावलं असतं. दादा गोळ्या खात आणखी दोन वर्षं त्याच गिरणीवर उभे राहिले. शेवटी घरी भिंतीला टेकून बसूनच झोपायचे. आडवं झालं की श्वास मिळत नसे.

ते गेले. दहाव्याला मी लोधिवलीला गेलो. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "तुमचं लय नाव घ्यायचे. सांगायचे, साहेबांनी माज्यासाठी हातानं चिठ्ठी लिवून दिली."

मी हो म्हटलं.