लेकीच्या जागी

आमच्या सोसायटीत मालिकेचं शूटिंग होतं. परदेशी निघालेल्या लेकीला आई निरोप देते, असा प्रसंग. लेकीचे क्लोजअप सकाळीच उरकून ती नटी घरी गेली होती. आता आईला बोलताना समोर कुणीतरी हवं, म्हणून कॅमेऱ्याशेजारी मला उभं केलं. मिशीसकट!

"पोचलीस की फोन कर गं," आई झालेली नटी माझ्याकडे बघून म्हणाली, आणि माझेच डोळे भरून आले. आमची लेक मनू उद्या खरंच परदेशी निघणार होती, आणि मी आठवडाभर नुसता तिच्या बॅगांचं वजन करत होतो.

"काका, तुम्ही कशाला रडताय? तुम्ही फ्रेममध्ये नाही!" दिग्दर्शक ओरडला.

मालिकेतला निरोप असा दोन तुकड्यांत घेतात आणि मागाहून जोडतात. घरात जोडून द्यायला कोण येणार?

शॉट संपताच, डोळे न पुसताच मी घरी मनूच्या खोलीत गेलो.