शेळीनं खाल्लेली गोष्ट

मैद्याची खळ शिजायला लागली की तिच्या गोडसर वासानं मी थेट अकरावीतल्या त्या सकाळी जाऊन उभी राहते.

आमच्या गावात, तलवाड्यात, मी हट्टानं भित्तिपत्रक काढलं होतं. पहिल्या अंकात माझीच गोष्ट. संध्याकाळी पाराच्या भिंतीवर, लहान पोरांनाही वाचता यावी म्हणून खालीच चिकटवली आणि सकाळी बघते तर गयाकाकूंची शेळी खळीच्या चवीनं अर्धा कागद खाऊन उरलेला चाटतेय! पारावरची माणसं पोट धरून हसत होती. तेवढ्यात गेवराईच्या बसमधून आमच्या मराठीच्या मॅडम उतरल्या.

"कावून रडायलीस?" मॅडमनी विचारलं. "गोष्ट पाठ हाय ना?"

"हाय."

"मग सांग की."

ओढणीनं डोळे पुसून मी सांगायला लागले. कागदावरचे जड शब्द जिभेवर येईनात, मग घरी बोलते तशीच बोलत गेले. हसणं थांबलं. मी दम घ्यायला थांबले तर शेळीचं दावं धरून उभ्या गयाकाकू म्हणाल्या, "आगं, मग फुडं काय झालं?"

शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता आशीच लिही. पहिली शेळीनं खाल्ली ते लई बरं झालं."

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज एम.ए.ला साहित्य शिकतेय, पण त्या शेळीइतका परखड समीक्षक पुन्हा भेटला नाही.

खळ गार झाली. सुट्टीत गावी आलेय, नवा अंक आजही पाराच्या भिंतीवर खालीच लावणार, कारण वाचणारी पोरं तेवढीच उंच आहेत. शेळी आली तर येऊ दे. गोष्ट मला पाठ आहे.