आठ सिलिंडरच्या गाडीतली माझी भावजय

माझ्या धाकट्या भावाला मी नेहमी म्हणायची, तू लग्न केलंस ते ॲक्सिलरेटर धरायला माणूस हवं होतं म्हणून. तो हसायचा, पण नाही म्हणायचा नाही.

घराच्या खालच्या मजल्यावर त्याचं गॅरेज. लांब बॉनेटच्या, आठ सिलिंडरच्या जुन्या दांडग्या गाड्या तो नीट करतो, ज्यांना नुसतं डिवचलं तरी अख्खी गल्ली खिडकीत येते तसल्या. आजच्या गाड्यांत सगळं कॉम्प्युटर बघतो. या गाड्यांचं इग्निशन आणि कार्ब्युरेटर माणसाला हाताने लावावं लागतं. एका हातात टायमिंगची बत्ती धरायची, दुसऱ्या हाताने डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा, आणि त्याच वेळी आत बसलेल्या माणसाने पेडल असं दाबून धरायचं की इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या मीटरची सुई जागची हलता कामा नये. सुई हलली की इंजिनाच्या पुलीवरची खूण बत्तीच्या उजेडात नाचायला लागते, आणि नाचत्या खुणेवर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळ, लागत नाही. एवढं मला कळतं. याहून जास्त जाणून घ्यायची मला कधी हौस नव्हती.

आत बसणारं ते माणूस म्हणजे माझी भावजय. लग्न होऊन आली त्या वर्षी ती चहा घेऊन खाली गेली, तर भावाचा मदतनीस आलेला नव्हता. भाऊ म्हणाला, जरा बस आत आणि मी सांगतो तेवढं दाब. तिने दाबलं. सुई खिळा मारल्यासारखी उभी राहिली. मदतनिसाला त्याने पुढच्याच आठवड्यात दुसरीकडे चिकटवून दिलं.

मला हे मुळीच आवडलं नव्हतं. शिकलीसवरलेली मुलगी, कॉलेज अर्धवट टाकून आलेली. ते पूर्ण करायचं सोडून डिझेल-पेट्रोलच्या वासात पेडल धरून काय बसतेस, असं मी तिला तोंडावर विचारलं. ती जराही रागावली नाही. म्हणाली, "ताई, त्यांना बॉनेटमधून मीटर दिसत नाही. तिथे खोटं न बोलणारं कुणीतरी बसायला हवं ना." वर मलाच विचारलं, की तुम्ही म्हणता त्या कॉलेजात खोटं न बोलणारं असं किती जणांना म्हणतात. मी गप्प बसले. माझ्या बाबतीत हे फार वेळा घडत नाही.

पुढे पुढे तिचा पाय हा गावभर चेष्टेचा आणि कौतुकाचा विषय झाला. गिऱ्हाईकं तिला मीटरवहिनी म्हणायची. पायाने पेडल धरून ती मांडीवर परात घेऊन मटार सोलायची, मुलीचा अभ्यास घ्यायची, माझ्याशी वाद घालायची, आणि सुई तिथेच. मधूनच हाक मारायची, अहो, पाचवा रुसलाय वाटतं. भाऊ पाचव्या सिलिंडरचा प्लग काढून बघायचा तर तो खरंच काजळलेला असायचा. हे तिला कानाने कळायचं की पायाने, हे तिलाही सांगता यायचं नाही. संसारात दोघांचं सगळं काही गोडीगुलाबीचं नव्हतं. तो हट्टी, ती टोमणेबाज. कधी कधी दोन-दोन दिवस अबोला चालायचा. पण अबोल्यातही गाडीचं काम आलं की ती खाली येऊन बसायची आणि तो बॉनेटआडून नुसतं "हं" म्हणायचा. तेवढ्यावर दोघांचं भागायचं.

माझे यजमान गेल्यावर मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आले. तोवर त्यांची मुलगी लग्न होऊन परगावी गेली होती. म्हणजे पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

दातांच्या एका डॉक्टरने त्याच्या वडिलांची गाडी आणून टाकली. निळी, रुंद, बसकी. वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून कार्ब्युरेटरमध्ये राळ साचलेली. वडील आता अंथरुणाला खिळले होते आणि त्यांना एकदा त्या गाडीतून फिरवून आणायचं, एवढीच डॉक्टरची इच्छा होती. माझ्या भावाने शब्द दिला. ब्रेकचे भाग यायला उशीर होणार होता, तेव्हा गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवून त्याने इंजिन आधी हातात घेतलं. कार्ब्युरेटर खोलला, धुतला, पॉइंट नवे बसवले. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं आणि छान संथ घुमत राहिलं. मग भावजय आत बसली, भावाने बत्ती धरली, "हं" म्हणाला, आणि पुलीवरची खूण नाचायला लागली.

ती प्रामाणिकपणे म्हणाली, "हलतेय हो सुई." मग दोघंही गाडीकडे संशयाने बघायला लागली.

इथून पुढे त्या गाडीचे जे हाल झाले ते मी बघत होते. रिकामं चालताना इंजिन ठीक, आणि पेडल धरलं की वरखाली, वरखाली, दमेकऱ्याच्या श्वासासारखं. भाऊ म्हणाला, पेट्रोल कमी पडतंय. त्याने कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट बदलले. मग म्हणाला, कुठून तरी हवा खेचतेय. गॅस्केट बदललं. कंडेन्सर बदलला. डिस्ट्रिब्युटर उतरवून आतल्या स्प्रिंगा पाहिल्या, परत चढवला. रोज संध्याकाळी दोघं नव्या उमेदीने बसायची आणि रोज सुई हलायची. डॉक्टरचे फोन यायचे. वडिलांची तब्येत उतरत चालली होती. भाऊ जेवताना घास हातात धरून कार्ब्युरेटरचा विचार करायचा. भावजय त्याला धीर द्यायची, की सापडेल हो, तुम्हाला सापडलं नाही असं कधी झालंय. तो मुलीशी फोनवर सुद्धा जेटचे आकडे बोलायचा.

एकीकडे घरात भाजीत मीठ दोनदा पडत होतं. वाळत घातलेले कपडे ती परत धुवायला टाकत होती. मी एकदा चिडून म्हटलं, अगं लक्ष कुठे आहे तुझं? ती म्हणाली, त्या निळ्या गाडीत. मला ते पटलं. त्या दिवसांत घरात सगळ्यांचंच लक्ष त्या गाडीत होतं.

एका दुपारी ती वर झोपली होती आणि भावाला धीर धरवत नव्हता. त्याने आणखी एक गॅस्केट बसवलं होतं. मला म्हणाला, ताई, तू बस. मी म्हटलं, मला असली कामं सांगू नकोस, माझे गुडघे दुखतात. पण त्याचं तोंड बघून बसले. पाय टेकवला, सुई त्याने सांगितलेल्या आकड्यावर नेली, आणि कंटाळा आला म्हणून समोरच्या भिंतीवर टांगलेले पाने मोजत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. इंजिन एका सुरात चाललेलं.

"झाली की रे तुझी गाडी," मी म्हटलं. मला बरंच वाटलं होतं.

तो बत्ती धरून तसाच वाकलेला होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, पाय जरा सैल कर. मग दाब. परत सैल कर."

मी केलं. इंजिन वरखाली व्हायला लागलं. दमेकऱ्याच्या श्वासासारखं, अगदी तसंच. त्याने हात आत घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. बेसिनपाशी जाऊन तो कोपरापर्यंत हात धूत राहिला, स्वच्छ झालेले हात पुन्हा साबण लावून धूत राहिला. मी गाडीतून उतरायची विसरले होते. इतके दिवस त्याने त्या इंजिनातल्या प्रत्येक नटबोल्टवर संशय घेतला होता. तिच्या पायावर घ्यायचं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

तपासण्या झाल्या. तिला सांगितलं, तुझा गुडघा दाखवायला जातोय. मेंदूच्या डॉक्टरांनी भावाला बाहेर बोलावून सांगितलं, की आधी लक्ष जागेवर थांबत नाही, मग हळूहळू आठवण जाते, आणि यातून मागे येणं नाही. मुलीला त्याने फोनवर अर्धंच सांगितलं. मी उरलेलं सांगितलं.

मग त्याने एक वेडेपणा केला. बदललेलं सगळं काढून जुने जेट परत बसवले. पेडलपासून कार्ब्युरेटरला जाणारी तार सोडवली. इंजिनाचा वेग स्क्रूने वाढवून ठेवला, म्हणजे पाय असो नसो, सुई हलायचा प्रश्नच नाही. पेडल मोकळं लागू नये म्हणून खाली एक स्प्रिंग बसवली. ती नेमक्या ताणाची मिळावी म्हणून अर्धा दिवस खपला. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाला, "तिला एवढं मिळू दे, ताई. तू बोलू नकोस." मी बोलले नाही. मला ते पसंत होतं अशातला भाग नाही.

संध्याकाळी ती येऊन बसली. साडीचा पदर खोचला, पाय ठेवला. त्याने "हं" म्हटलं. सुई उभी. तो बॉनेटआडून जरा मोठ्यानेच म्हणाला, की बघ, सापडलं शेवटी, हवाच खेचत होती.

ती मीटरकडे बघत राहिली, मग खाली पायाकडे. मग म्हणाली, "अहो, पेडलला इंजिन लागत नाहीये."

तो म्हणाला, काहीतरीच काय.

"पायाला थरथर येत नाही. तार काढलीत तुम्ही." आवाज चढलेला नव्हता. "का काढलीत?"

तो हातातली बत्ती विझवायलाही विसरला होता. ती म्हणाली, जोडा परत. तो नको म्हणाला, राहू दे म्हणाला, इंजिन तापलंय म्हणाला. तिने सीटवरून हलायलाच नकार दिला. शेवटी त्याने तार जोडली, स्क्रू मागे घेतला. तिने पेडल दाबलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले, दात आवळले, जणू सगळं अंग मिळून एक पाय धरून ठेवत होतं. सुई वर गेली, खाली आली, वर गेली.

"मी तर धरून बसलेय," ती म्हणाली. "मला तर धरलेलाच वाटतोय."

तिने पाय उचलला आणि मांडीवर हात ठेवून बघत राहिली त्या पायाकडे, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. मग दार उघडून उतरली. मला म्हणाली, "ताई, तुम्ही बसा. त्या माणसाला गाडी द्यायचीय, त्याचे वडील थांबलेत." भाऊ म्हणाला, आज नको. ती म्हणाली, आजच लावा. मी बसले. मीटर मला धड दिसत नव्हतं, डोळे भरून येत होते, पण पाय हलू दिला नाही. बाहेर ती भिंतीला टेकून उभी होती आणि भाऊ डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवत होता. त्या दिवशी टायमिंग लागलं.

ब्रेकचे भाग आले, गाडी गेली. डॉक्टरने वडिलांना फिरवून आणलं म्हणे. आम्ही बघायला गेलो नाही.

त्यानंतर तिचं उतरणं चालूच आहे. आधी गल्लीचं वळण गेलं, मग शेगडी तिच्या हाती द्यायची बंद केली, मग मुलीचं नाव जिभेवर यायचं थांबलं. भावाला ती ओळखते, म्हणजे हा माणूस आपला आहे एवढं ओळखते. तो अजून आठ सिलिंडरच्या गाड्या घेतो. वेग स्क्रूने धरतो आणि एकटाच काम करतो. पण प्रत्येक गाडीला एकदा तिला खाली आणतो, दार उघडून धरतो आणि म्हणतो, चल, बस. त्याला वाटतं, इतकं सगळं विसरली तर हेही विसरेल.

कालही त्याने दार उघडलं. मी तिला दंडाला धरून उभी होते. तिने आतल्या सीटकडे बघितलं आणि मान हलवली.

"नको. माझा पाय हलतो," ती म्हणाली. "ताईंना बोलवा." मग माझ्याकडे वळून तिने फार अदबीने विचारलं, की तुम्ही कोण, आणि आमच्या ताईंना जरा हाक माराल का.

मी हो म्हटलं, आणि तिला तिथल्या स्टुलावर बसवून गाडीत जाऊन बसले.