काळं हाय का?

काल सकाळी लॅबचं शटर वर केलं आणि समोर सुमनबाई... मिरची तोडायला गेली होती, आदल्या रात्रीच परतलेली. अंगाची नुसती हाडं उरलेली. सोबत शाळकरी लेक.

सिंदेवाहीत माझी छोटी लॅब आहे. आमच्या रिपोर्टवर जो आकडा बिघडलेला असतो, तो जाड काळ्या अक्षरात छापून येतो. त्यामुळे ज्यांना वाचता येत नाही तेही एकच विचारतात, "भाऊ, काळं हाय का?" मला त्याची गंमत वाटायची.

सुमनबाईला टीबी निघाला, तेव्हा सरकारी दवाखान्यातून रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर मधूनमधून रक्त तपासायला माझ्याकडे पाठवायचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट असे दोन मुख्य प्रकार असतात. टीबीने अंगात दाह असला की बहुतेकदा पहिल्या वाढतात, दुसऱ्या घटतात, आणि दोन्हींचं गुणोत्तर चढतं... औषध लागू पडलं की हळूहळू उतरतं.

थंडीत तिचा एक रिपोर्ट आला, सगळा साध्या अक्षरात. मी खुशीत म्हणालो, "बाई, काळं गेलं बघा." वर चहा पाजला. तिने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

धूर कमी झाला म्हणजे चूल विझली असं नसतं. गुणोत्तर उतरलं म्हणजे दाह उतरला, जंतू मेले असं नाही... एवढंच सांगायचं राहिलं. डॉक्टर सांगतीलच, असं मी धरून चाललो. ती डॉक्टरांकडे गेलीच नाही. धान निघालं होतं, गावच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात निघाल्या होत्या, तीही लेकीला घेऊन त्यांच्या गाडीत बसली.

"आणि गोळ्या?" काल मी विचारलं.

"काळंच नाई, त गोळ्या कायले खाऊ, म्हणलं..." मग लेकीला पुढे करत म्हणाली, "माह्यं राहू द्या भाऊ. हिचं रक्त काढा पहिले. तिकडं एकाच झोपडीत होतो. हेबी खोकलून राह्यली."

दोघींचं रक्त काढलं. नुसत्या पेशींवरून टीबी ठरत नाही, पोरीची थुंकी तपासावी लागेल, हे या वेळी नीट समजावलं. कागद छापून आले. पोरीला वाचता येतं, पण तिने आकडे वाचलेच नाहीत.

"आई, दोघींचंबी काळं हाय," एवढंच म्हणाली.

लॅब बंद करून दोघींना दवाखान्यात नेऊन बसवलं. वाटेत सुमनबाई मला एका शब्दाने टाकून बोलली नाही. उलट तिनेच विचारलं, "भाऊ, तुमचा चहा झाला का?"

बोलली असती, तर बरं वाटलं असतं...