विमा कंपनीचा जाडा माणूस

हसायचं असेल तर चहा ओठाला लावायच्या आधीच हसून घ्या, बायांनो. मागाहून ठसका लागला तर मी जबाबदार नाही. ही माझी फजिती आहे, दुसऱ्या कुणाची नाही. गावात सगळे तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून म्हटलं आपणच लिहून टाकावी. शाळा माझी चौथीपर्यंतच. पण तोंड मॅट्रिकच्या वरचं आहे, हे आमगावच्या बाजारात कोणालाही विचारा.

आमच्या घरच्यांचं नाव मी घेत नाही. शेवंताचे बाबा म्हणा. धानाची शेती, आणि जोडीला धानाची थोडी खरेदी-विक्री. बाजारात त्यांना एकदा विम्याचा एजंट भेटला. तोंडात गूळ धरून बोलणारा! आजारी पडून खाट धरली तर कंपनी दर आठवड्याला पैसे देते म्हणे. झालं, यांनी ठोकली सही.

मी म्हटलं, "आजारी पडाचे पैसे? काऊन जी, कंपनीले का वेड लागलं?"

"तुले नाही समजत," म्हणाले.

दोन वर्षं हप्ते भरले, आणि या पठ्ठ्याला साधी शिंक आली नाही! पडले ते नेमके शेवंताच्या लग्नाच्या वर्षी. मुदतीचा ताप. अंगाच्या नुसत्या काड्या झाल्या. आमगावच्या डॉक्टरची चिठ्ठी जोडून मी शाळेच्या गुरुजींकडून कंपनीच्या गोंदियाच्या ऑफिसला पत्र लिहवलं. म्हटलं, आता येऊ दे पैसे. शेवंताच्या लग्नाची भांडीकुंडी तरी निघतील.

पण खरा घोर तो नव्हता. घोर होता सोयरिकीचा. सालेकशाकडचं एक चांगलं स्थळ चालून आलं होतं. मुलगा कामाचा, घर खाऊन-पिऊन सुखी. आणि आधीचं एक स्थळ कशावरून मोडलं होतं माहीत आहे? आमचा सासरा पाहुण्यांसमोर दोनदा खोकला! "घरात दम्याचा रोग आहे," म्हणून गेले ते गेलेच. म्हातारा तर चण्याच्या फुटाण्यानं खोकला होता हो! पण ऐकतो कोण?

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मुलीकडे जाण्याआधी मुलाकडचे चोरून एक माणूस पाठवतात. तो कधी सरळ सांगत नाही. कधी बैल विकत घ्यायचा म्हणतो, कधी वाट चुकलो म्हणतो, आणि डोळे सगळ्या घरभर फिरवतो. म्हणून मी घरात सगळ्यांना दम भरला होता. अनोळखी माणूस दिसला की या घरात कोणी आजारी नाही. समजलं?

यांच्या तापाला पंधरा-सोळा दिवस झाले असतील. उन्हाच्या वेळेला अंगणात एक काटकुळा माणूस उभा. हातात छत्री.

"वाटेनं जात होतो बाई. पाणी भेटेल का?"

माझ्या डोक्यात घंटा वाजली. आला! सालेकशाचा आला!

पाणी पिता पिता तो हळूच म्हणतो, "घरचे मालक आजारी आहेत, असं ऐकलं गावात."

"कोन म्हणते?" मी कमरेला पदर खोचला. "त्याची जीभ झडो! आजारी म्हणे! आमच्या घरात मांजरसुद्धा कधी आजारी पडत नाही. मालक मागच्या अंगणात लाकडं फोडून राहिले. थांबा, दाखवते."

आणि धावत आत गेले. हे गोधडीत.

"उठा! कुऱ्हाड घ्या!"

"अवं, मले चक्कर येऊन राहिली..."

"चक्कर मंग येऊ द्या. आधी लाकूड फोडा. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे!"

काय सांगू, बिचाऱ्याला मी डोक्याला फेटा बांधून मागच्या दारानं नेऊन उभं केलं आणि काटकुळ्याला बोलावलं. एक घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला माणसानं कुऱ्हाड उचलली का कुऱ्हाडीनं माणूस उचलला, देवालाच ठाऊक!

मी छातीठोक सांगते, "पाहा जी, कसा जोर आहे! सकाळी चार माणसांचा भात खाल्ला त्यांनी."

काटकुळा हसला. "छान, छान," म्हणाला, आणि छत्री उघडून चालता झाला. वळणावर दिसेनासा झाला तसे हे लाकडाच्या ढिगावर आडवे. ताप पुन्हा चढला तो आठ दिवस उतरला नाही. तरी मी खूश! सोयरीक वाचवली ना मी!

आता पुढचं ऐका. दहा-बारा दिवस गेले. हे आता चांगले सुधारले होते. त्या दिवशी अंगणात बसून वांग्याच्या भाजीशी भात हाणत होते. मला फाटकातून एक जाडा माणूस येताना दिसला. पायात बूट, काखेत वही, कानावर पेन्सिल. बूट आणि वही! सोयऱ्यांचा माणूस तर आधीच येऊन गेला. मग हा कोण? कंपनीचा! दुसरं कोण असणार?

मी यांच्या हातातलं ताट ओढलं.

"अवं, पोट नाही भरलं अजून!"

"मेलेल्या माणसाले का भूक लागते? आत चला!"

खाटेवर पाडलं, दोन गोधड्या टाकल्या, डोक्याला ओला फडका. उन्हाळा तोंडावर आलेला. दोन मिनिटांत घामानं निथळले. उलट बरंच झालं, खरा आजारी दिसायला लागला.

जाडा दारात म्हणतो, "नमस्कार जी. मी असाच इकडून जाऊन राहिलो होतो..."

"लाजू नका," मी म्हटलं. "मले ठाऊक आहे तुमी कोन आन् कायले आले. या, सोताच्या डोळ्यांनं पाहा."

माणूस बावचळला. "तुमाले कसं समजलं?"

"तुमची वाटच पाहून राहिली होती मी. पाहा! महिना झाला, उठणं नाही, बसणं नाही. आज आहे, उद्याचं मी सांगत नाही."

गोधडीतून एक हुंकार आला. मी तो कण्हण्यात खपवला. खरं म्हणजे ती शिवी होती.

जाड्यानं तोंडातून "अरेरे" काढलं. मी त्याला चहा दिला, मुरमुऱ्याचे लाडू दिले. चार खाल्ले त्यानं! जाताना डोळे पुसत म्हणाला, "बाई, तुमी काहीच लपवलं नाही."

"लपवाची आमची जातच नाही!" मी म्हटलं.

आणि आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. गुरुजींनी वाचून दाखवलं. आमच्या माणसानं स्वतः पाहणी केली, विमेदार पूर्ण निरोगी आढळला, सबब पैसे मिळणार नाहीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! चार लाडू खाऊन गेला तो जाडा, आणि निरोगी लिहितो? मी गुरुजींना तिथंच बसवलं आणि दोन पानं भरून तक्रार लिहवली. "तुमचा जाडा माणूस माझ्या नवऱ्याला मरणाच्या दारात पाहून गेला, डोळे पुसून गेला, आणि खोटा रिपोर्ट लिहिला. त्याला नोकरीतून काढा." गुरुजी म्हणाले, "जरा नरमाईनं लिहू." मी म्हटलं, "नरम तुमी तुमच्या घरी बोला. इथं मी सांगते तसं लिहा."

गाडीनं गोंदियाला गेले. ऑफिसात पंखा फिरत होता, पाच-सहा माणसं बसली होती. मी थेट साहेबाच्या टेबलावर तक्रार आपटली.

"बाईजी, बैठिए तो सही," साहेब म्हणाला.

"बसाले नाही आली मी! तुमच्या खोटारड्याले समोर आणा!"

साहेबानं तक्रार वाचली. कपाळाला आठी. "जाडा माणूस? बाईजी, हमारे यहाँ जाँच के लिए एक ही आदमी है। और वो तो..." मग आतल्या खोलीकडे पाहून त्यानं हाक मारली.

पडदा बाजूला झाला. आधी छत्री आली. मग काटकुळा.

"नमस्कार बाई!" तो म्हणाला. "मालक बरे आहेत ना? लाकडं संपली का?"

साहेबानं कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. विमेदार कुऱ्हाडीने लाकडे फोडताना आढळला. पत्नीच्या सांगण्यानुसार चार माणसांचा भात खातो. घरातील मांजरसुद्धा कधी आजारी पडत नाही.

मांजरसुद्धा लिहिलं होतं मेल्यानं!

आख्खं ऑफिस हसलं. पंखासुद्धा हसल्यासारखा वाटला मला. साहेब डोळे पुसत म्हणाला, "बाईजी, शिकायत जमा करनी है, या वापस लेनी है?"

मी तक्रारीची घडी घातली, ओच्यात खोचली आणि निघाले. गाडीत बसले तरी एकच विचार. हा जर कंपनीचा, तर माझे चार लाडू खाऊन रडत गेला तो जाडा कोण?

आणि आमगाव यायच्या आधीच डोक्यात उजेड पडला. माय वं! ज्याच्यापासून रोग लपवायचा, त्यालाच मी हाताला धरून दाखवला! शेवंताची सोयरीक मीच माझ्या तोंडानं मोडली.

घराशी आले तर अंगणात ते बूट! आत पाहते तर आमच्या घरचे आपणहूनच गोधड्या ओढून पडलेले, आणि जाडा उशाशी संत्री सोलून त्यांना भरवतो आहे. मला पाहून उठला.

"मी मुलाचा मामा, बाई. तेंदूपानं गोळा होतात त्या फळीवर हिशेब लिहिनारा मुनशी आहे. मुलीचे लोक शिंकसुद्धा लपवून ठेवतात. मी वीस घरं पाहिली. तुमीच एकट्या अशा भेटल्या, की खरं ते दाखवलं. अशा घरची पोरगी कधी खोटं नाही बोलनार. सोयरीक पक्की!"

मी घाईनं लाडवांचा डबा काढला.

"फक्त," तो आवाज उतरवून म्हणाला, "लग्न या पंधरवड्यातच उरकू. बापाच्या डोळ्यांदेखत झालेलं बरं."

झालं की लग्न! धूमधडाक्यात झालं. शेवंता सुखात आहे. मांडवात पंगती बसल्या, बुंदी, वडे, वांग्याची भाजी. आणि नवरीचा बाप? खाटेवर, दोन गोधड्यांत. व्याही येऊन आपल्या हातानं त्याला पेज पाजत होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या खरेपणाचे गोडवे सांगत होते. यांचे डोळे मात्र वाटीवर नव्हते. माझ्यावर होते.

आजही जेवायला बसले की म्हणतात, "कंपनीची तक्रार कराले तू गोंदियाले गेली. तुझी तक्रार कराले मी कोनत्या ऑफिसात जाऊ?"

मॅट्रिकच्या वरचं हे तोंड तेवढ्या वेळी चौथीवर येतं. मी लग्नात हुकलेल्या बुंदीचा आणखी एक लाडू त्यांच्या ताटात वाढते.